केमोनंतर परतलेला स्मॉल सेल कर्करोग : कोणती चाचणी करावी?

प्रश्न : वडिलांना फुप्फुसाचा स्मॉल सेल कर्करोग आहे. कार्बोप्लॅटिन आणि इटोपोसाइडच्या ४ सायकलनंतर गाठ जवळजवळ दिसेनाशी झाली, पण शेवटच्या डोसनंतर ४ महिन्यांत परतली. डीएनए दुरुस्तीची ‘ईआरसीसी१’ चाचणी करावी का?

उत्तर : या चाचणीवर पैसे घालवू नका. ईआरसीसी१ प्रथिन डीएनएला चिकटलेलं प्लॅटिनम (कार्बोप्लॅटिनमधला मारक घटक) कापून काढायला मदत करतं. म्हणजे ते जास्त असेल तर औषध कमी चालेल, हा तर्क चुकीचा नाही. अडचण चाचणीत आहे. २०१३ मध्ये दिसून आलं, की चाचणीत प्रथिन शोधायला वापरल्या जाणाऱ्या उपलब्ध अँटिबॉडींना या प्रथिनाचं काम करणारं रूप आणि निकामी रूपं वेगळी ओळखता येत नाहीत.

या कर्करोगात जास्त बोलकं जनुक आहे एसएलएफएन११. ते दुरुस्ती करत नाही. डीएनए जखमी असताना त्याची प्रत काढणं ते रोखतं आणि पेशी मरते. केमोतून वाचलेल्या पेशींमध्ये हे जनुक अनेकदा बंद पडलेलं असतं. त्यात ईझेडएच२ या प्रथिनाचा हात असतो. म्हणून जुन्या बायोप्सीवरून आजच्या गाठीचा अंदाज बांधू नये. ही चाचणीही अजून मुख्यतः संशोधनातच वापरतात.

सध्या खरा आधार म्हणजे शेवटचा डोस आणि गाठ परतणं यांमधलं अंतर. ते ९० दिवसांहून जास्त असेल, जसं तुमच्या वडिलांचं आहे, तर तीच जोडी पुन्हा देण्याचा विचार होतो. कमी असेल तर टोपोटेकान किंवा लर्बिनेक्टेडिन ही दुसरी केमोची औषधं. टारलाटामॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाबद्दलही डॉक्टरांना विचारा. जाताना शेवटच्या डोसची तारीख, नवा सीटी स्कॅन, मेंदूचा एमआरआय आणि क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाच्या तपासणीचा) ताजा रिपोर्ट जरूर न्या.