वडिलांचे ट्रायग्लिसराइड ३१० आले आहे, शेंगाचटणी बंद करावी का?

तुम्ही दिलेले आकडे: एकूण कोलेस्टेरॉल २१४, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ११८, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३४, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) ३१०. आणि घरात सगळ्यात आधी बंद झाली ती शेंगाचटणी! हे चोर सोडून संन्याशाला फाशी दिल्यासारखं झालं.

मी सोलापुरातच एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. रक्ताची ट्यूब सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली की वर पिवळसर, नितळ सीरम येतं. ट्रायग्लिसराइड फार वाढलेलं असेल तर तेच सीरम ताकासारखं पांढरं दिसतं. एकदा पाहिलं की विसरता येत नाही. वडिलांचं तिथवर गेलेलं नाही. पण १५०च्या आत हवं ते दुप्पट आहे, आणि पुरुषांचं एचडीएल ४०च्या वर हवं ते ३४ आहे. ही जोडी आपल्या लोकांत फार दिसते, विशेषतः पोट सुटलेलं असेल तर.

उपाशीपोटी दिलेल्या रक्तातलं ट्रायग्लिसराइड बहुतांशी यकृतानं तयार केलेलं असतं. साखर, मैदा, भात गरजेपेक्षा जास्त झाला की यकृत त्याची चरबी करतं. दारूनंही तेच होतं. म्हणून आधी दिवसभराचे गोड चहा मोजा. त्यासोबतची खारी-बिस्किटं, संध्याकाळची भजी, रात्रीचा भाताचा डोंगर बघा. वडील दारू घेत असतील तर ती पूर्ण बंद व्हायला हवी. शेंगदाण्यात कोलेस्टेरॉल नसतंच आणि त्यातलं तेल बरंचसं चांगल्या प्रकारचं असतं. कडक भाकरीबरोबर चमचाभर चटणी खुशाल खाऊ द्या, फक्त वर तेलाची धार नको. बीपी असेल तर मिठाकडेही लक्ष द्या. ज्वारी चांगलीच, पण चार भाकरी म्हणजे चार भाकरीच.

रोज अर्धा तास झपझप चालणं आणि थोडं वजन उतरवणं, याचा ट्रायग्लिसराइडवर चांगला परिणाम होतो. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. सोबत एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी) नक्की करा, कारण मधुमेह किंवा मंद थायरॉइड मागे लपलेला असू शकतो.

गोळी लागेल का, हे नुसत्या ३१०वर ठरत नाही. वय, बीपी, शुगर, तंबाखू, घरातला हृदयविकार हे सगळं बघून डॉक्टर ठरवतील. आकडा ५००च्या वर गेला तर मात्र थांबू नका, स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो.

पुढच्या तपासणीआधी दहा-बारा तास उपाशी राहायला सांगा, पाणी चालतं. आदल्या रात्री मटणाचं जेवण असेल तर तपासणी दोन दिवस पुढे ढकला.