हीटर नाही तरी मिठाचं पाणी तापतंय कसं?

प्रश्न: नमस्कार, नाशिकला इंदिरानगरमध्ये राहतो, घरी मरीन टँक (समुद्री माशांचा, खाऱ्या पाण्याचा) आहे. पाणी बदलायचं असलं की १०० लिटरच्या निळ्या ड्रममध्ये आरओचं पाणी घेऊन सॉल्ट टाकतो, सबमर्सिबल पंप सोडतो आणि झाकण लावून रात्रभर फिरू देतो. रात्री २७ डिग्री असलेलं पाणी सकाळी ३२ झालेलं असतं, हीटर तर लावलेलाच नाही! शिवाय तळाला पांढरा थरही दिसतो. पंप बिघडलाय की थर्मामीटर? चिलर (पाणी गार करणारं यंत्र) घ्यावा लागेल का?

उत्तर: दोन्ही धडधाकट आहेत आणि चिलरचं तर डोक्यातूनच काढून टाका. पंपावर किती वॅट लिहिलेत ते बघा, तुम्ही कळवलं नाही पण पाणी ज्या वेगाने तापतंय त्यावरून ७०-८० तरी असणार. पंप पाण्यात बुडलेला आहे म्हणजे तो जेवढी वीज खातो ती सगळी उष्णता होऊन त्याच पाण्यात उतरते, मोटर तापते ती तर उतरतेच पण पाणी घुसळायला जी ताकद लागते तीही शेवटी घर्षणात जिरून उष्णताच होते, जूलने १८४० च्या दशकात भांड्यातल्या पाण्यात पाती फिरवून हेच तर मोजलं होतं. १०० लिटर पाणी १ डिग्रीने तापवायला साधारण ११६ वॅट-तास लागतात. ८० वॅटचा पंप १० तास चालला की झाले ८०० वॅट-तास, म्हणजे जवळजवळ ७ डिग्री. थोडी उष्णता ड्रममधून बाहेर गेली म्हणून तुमचं ५ वर भागलं.

माशांची फार काळजी करू नका. टँक २६ ला असेल आणि १० टक्के पाणी ३२ चं घातलं तर टँक जेमतेम २६.६ वर जातो. ३० टक्के बदललंत तर मात्र २७.८, ते कोरलला (प्रवाळाला) झेपेलच असं नाही.

मला जास्त खटकतोय तो पांढरा थर, तो बहुधा कॅल्शियम कार्बोनेटचा. ते गरम पाण्यात कमी विरघळतं, साखरेच्या बरोबर उलटं, त्यामुळे पाणी तापलं आणि वर तासन् तास घुसळत राहिलं की ज्या कॅल्शियम आणि अल्कलिनिटीसाठी (पाण्याची आम्ल रोखून धरायची ताकद) एवढं महागाचं सॉल्ट आणलं तेच तळाला जाऊन बसतं. शिवाय हायड्रोमीटर (घनतेवरून खारेपणा मोजायचं साधन) वापरत असाल तर ३२ डिग्रीला तो २५ पेक्षा साधारण ०.००२ कमी दाखवणार, तुम्हाला वाटणार मीठ कमी पडलं आणि तुम्ही अजून टाकणार. आधी गार होऊ द्या, मग मोजा.

करायचं काय, तर १५-२० वॅटचा पंप आणा, १०० लिटरला तेवढा पुरतो. दुकानदार लिटर-पर-अवर सांगून मोठा गळ्यात मारतात, तुम्ही वॅट विचारा. कूलरचा पंप स्वस्त पडतो म्हणून तो नको, लोखंडी शाफ्ट असेल तर मिठात गंजतो. रात्रभर फिरवायचीही गरज नाही, पाणी आधी भरा, पंप चालू करा, सॉल्ट हळूहळू सोडा, दोन-तीन तासांत स्वच्छ दिसलं की बंद. वापरायच्या आधी अर्धा तास पुन्हा चालवा. हात घालताना प्लग काढाच, मिठाच्या पाण्यात विजेची गळती झाली तर खेळ नाही.

झाकण काढून वर टेबल फॅन लावला तर अजून दोनेक डिग्री उतरतात, आपल्याकडे एप्रिल-मे कोरडे असतात म्हणून हे चांगलं चालतं, पावसाळ्यात दमट हवेत तेवढा फरक पडत नाही. पाणी वाफ होऊन उडालं की खारेपणा वाढतो तेव्हा साधं आरओ घालून लेव्हल भरून काढा. बर्फ थेट टाकू नका, फारच घाई असेल तर पाण्याची बाटली घट्ट बंद करून फ्रीझरमध्ये जमवा आणि ती ड्रममध्ये सोडा.

जुना पंप फेकू नका मात्र, डिसेंबरात निफाडचा पारा उतरला की आपल्याकडेही ड्रममधलं पाणी गारठतं, तेव्हा झाकण लावून तोच तास-दोन तास चालवा, हीटरचं काम तेवढंच हलकं होईल.