शेजारच्या घरात चूल मंदावते तेव्हा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत टेक्सास राज्यात राहते. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये तिथले सरकारी कामकाज बंद पडले, तेव्हा तिच्या शेजारी राहणाऱ्या, केंद्र सरकारच्या नोकरीतल्या बाईंचा पगार थांबला आणि समोरच्या घरातल्या एका वृद्ध बाईंच्या कार्डावर नोव्हेंबरचे किराण्याचे पैसे ठरलेल्या तारखेला जमाच झाले नाहीत. एवढ्या श्रीमंत देशात असे कसे घडते? आणि पुन्हा अशी वेळ आली, तर मुलीने शेजारधर्म कसा पाळावा?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : तिजोरीत पैसे असतात, पण ते खर्च करण्याची मंजुरी नसते, असा हा पेच आहे. अमेरिकेच्या केंद्र सरकारचे आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होते आणि तोपर्यंत तिथल्या संसदेने खर्चाची विधेयके संमत केली नाहीत, तर जीवितरक्षण, संरक्षण अशी मोजकी कामे वगळता बाकीच्यांवर पैसे खर्च करणे कायद्याने निषिद्ध ठरते. कायदा जुनाच आहे. पण १९८०-८१ मध्ये तिथले महान्यायवादी बेंजामिन सिव्हिलेटी यांनी त्याचा कडक अर्थ लावला आणि तेव्हापासून कार्यालयांना खरोखरच टाळे लागू लागले. २०२५ चा बंद ४३ दिवस चालला; त्याआधीचा सर्वांत लांबलेला बंद २०१८-१९ मधला, ३५ दिवसांचा होता. आपल्याकडे ही वेळ सहसा येत नाही, कारण अर्थसंकल्प वेळेत संमत होत नसेल, तर संविधानाच्या अनुच्छेद ११६ प्रमाणे लेखानुदान, म्हणजे तेवढ्या काळापुरती खर्चाची आगाऊ मंजुरी, घेता येते आणि लोकसभेने खर्चाच्या मागण्याच फेटाळल्या, तर सरकारला पायउतार व्हावे लागते. तिथे राष्ट्राध्यक्ष आणि संसद वेगवेगळे निवडले जात असल्यामुळे दोघेही आपापल्या जागी ठाम बसून राहू शकतात, आणि मधल्या मध्ये शेजारच्या बाईंचे घर अडचणीत येते.

कार्डाची हकीकत अशी, की तिथल्या सुमारे ४ कोटी २० लाख लोकांना, म्हणजे साधारण आठांतल्या एकाला, केंद्र सरकारकडून दरमहा किराण्यासाठी पैसे मिळतात. २०२४ मध्ये ही रक्कम माणशी सरासरी १८७ डॉलर होती. ते पैसे बँकेच्या कार्डासारख्या एका कार्डावर जमा होतात आणि त्यातून फक्त खाद्यपदार्थ घेता येतात. १ नोव्हेंबर २०२५ पासून हे पैसे देणार नाही, असे केंद्राने जाहीर केले. ऱ्होड आयलंड आणि मॅसॅच्युसेट्स इथल्या न्यायाधीशांनी राखीव निधी वापरण्याचे आदेश दिले, ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १२ नोव्हेंबरला बंद संपेपर्यंत लोक रोज कार्डावरची शिल्लक तपासत राहिले.

आता मुलीने काय करावे, ते पाहू. दोन्ही शेजारणींची अडचण एकसारखी नाही, म्हणून मदतही एकसारखी असू नये. सरकारी नोकरीतल्या बाईंना बंद संपल्यावर थकलेला पगार मिळावा, अशी तरतूद २०१९ च्या एका कायद्याने केली आहे. म्हणजे त्यांना दान नको आहे, मधले काही आठवडे निभावून नेणारी रक्कम हवी आहे. मुलीला शक्य असेल, तर तिने ती बिनव्याजी आणि परतफेडीची तारीख न घालता द्यावी. मात्र त्याच कार्यालयात कंत्राटदारामार्फत झाडलोट करणारी किंवा उपाहारगृहात काम करणारी माणसे असतात, त्यांना बुडालेल्या दिवसांचे पैसे मिळण्याची अशी हमी नाही. तिथे उसने देऊ नये, सरळ द्यावे.

वृद्ध बाईंच्या बाबतीत आधी विचारावे, मग पिशवी भरावी. त्या कार्डावर साबण, लहान मुलांचे डायपर, सॅनिटरी पॅड किंवा औषधे घेता येत नाहीत, त्यामुळे अन्न कुठून तरी मिळाले, तरी या वस्तूंची ओढाताण राहतेच. त्यांना धान्य वाटणाऱ्या केंद्रापर्यंत गाडीने नेऊन आणणे, हेही मोठे काम आहे, कारण टेक्साससारख्या राज्यात बहुतेक ठिकाणी गाडीवाचून पान हलत नाही. (आपल्या लेकी उत्साहाने तूरडाळ आणि गोडा मसाला घेऊन जातात, त्यांचे प्रेम कळते, पण त्या बाईंना त्याचे काय करायचे ते कळेलच असे नाही.)

तिथल्या ‘फूड बँक’ म्हणजे मोठी गोदामे असतात. त्यांच्याकडून माल घेऊन चर्च, शाळा आणि वस्तीतली केंद्रे तो वाटतात. १९६७ मध्ये ॲरिझोनातल्या फिनिक्स शहरात जॉन व्हॅन हेंगेल यांनी अशी पहिली बँक काढली. या बँका घाऊक भावाने खरेदी करतात, म्हणून घरातले डबाबंद पदार्थ नेऊन देण्यापेक्षा तेवढीच रोख रक्कम दिलेली बरी. तरीही या संस्थांकडून वाजवीपेक्षा जास्त अपेक्षा ठेवू नये. त्यांच्याच मध्यवर्ती संघटनेचा हिशेब असा आहे, की त्यांच्या जाळ्यातून एक जेवण जाते, तेव्हा सरकारी कार्डावरून नऊ जेवणे जातात. मुलीला तिथे मताधिकार असेल, तर आपल्या लोकप्रतिनिधीच्या कार्यालयाला फोन करणे, हेही शेजारधर्मातच धरावे.

प्रश्न : आमच्या परळच्या चाळीत एक कुटुंब आहे. घरातले गृहस्थ एका सरकारी कार्यालयात कंत्राटदाराकडून सफाईचे काम करतात. कार्यालयाकडून बिल निघाले नाही, असे सांगून कंत्राटदाराने काही महिने पगार दिलेला नाही. वहिनी काही बोलत नाहीत. पण एक लिटर दूध घेणारे घर आता पाव लिटर घेते. त्यांना न दुखावता काय करता येईल?
— एक वाचक, परळ

उत्तर : तुमच्या पत्रातले दुधाचे निरीक्षण फार मोलाचे आहे, कारण गिरणगावात घराची अवस्था नेहमीच दुधावरून आणि वाण्याच्या वहीवरून कळत आली आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हा अनेक घरे कोकणातून आणि घाटावरून आलेल्या तांदूळ-ज्वारीवर आणि वाण्याच्या उधारीवर चालली. एकट्या राहणाऱ्या कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांचा हिशेब पगारानंतर होत असे; पगारच थांबल्यावर त्यांचेही हात बांधले गेले. या बायका संपाच्या आधीपासूनच धान्यासाठी सावकाराच्या दारात जात होत्या, म्हणून तर प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून त्यांना बँकांची कर्जे मिळवून दिली. जो पोसतो तोही उधारीवर असतो, ही गोष्ट मदत करताना सहसा लक्षात घेतली जात नाही.

म्हणून माझी सूचना अशी, की धान्याची पिशवी घेऊन त्यांच्या दारात जाऊ नये. चाळीत दार उघडेच असते आणि पिशवी कोणी आणली, हे संध्याकाळपर्यंत चारही मजल्यांना कळते. दोन-तीन घरांनी मिळून वाण्याकडे जावे, त्या कुटुंबाच्या नावावरची उधारी काही प्रमाणात भरावी आणि पुढचे सामान थांबवू नये, एवढेच सांगावे. वाणी जुना असेल, तर नाव न सांगण्याचे भान त्याला असते. गॅसचा सिलिंडर आणि मुलांच्या शाळेचा खर्च या दोन गोष्टी वहिनींच्या जवळच्या एखाद्या बाईने एकांतात विचाराव्यात. पुरुषांनी यात पडू नये, असे माझे मत आहे.

त्यानंतर हक्काचे काय अडले आहे, ते पाहावे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबातल्या प्रत्येकाला दरमहा ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळते, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. महाराष्ट्रात शहरी प्राधान्य कुटुंबासाठी ठरवलेली उत्पन्नमर्यादा वर्षाला ५९ हजार रुपये, म्हणजे महिन्याला पाच हजारांहूनही कमी आहे. मुंबईत एवढ्यावर कोण जगते, हे ती मर्यादा ठरवणाऱ्यांनाच ठाऊक. तरीही त्यांचे कार्ड या यादीत असेल, तर सर्वांची नावे कायम आहेत का आणि ई-केवायसी झाली आहे का, हे रेशनच्या दुकानात तपासून घ्यावे. यंत्रावर अंगठा उमटत नाही, म्हणून परत पाठवले असेल, तर शिधावाटप कार्यालयात लेखी तक्रार द्यावी किंवा १९६७ या क्रमांकावर ती नोंदवावी. कार्ड गावाकडचे असले, तरी धान्य मुंबईतल्या दुकानातून उचलता येते, हे अजूनही अनेकांना माहीत नाही. सहा वर्षांखालचे मूल असेल, तर अंगणवाडीचा आहार आणि महापालिकेच्या किंवा अनुदानित शाळेत आठवीपर्यंत शिकत असेल, तर दुपारचे जेवण हा त्याचा हक्क आहे.

आणि मूळ दुखणे पगाराचे आहे. कंत्राटदाराने मजुरी थकवली, तर ती देण्याची जबाबदारी ज्याच्याकडे काम चालते त्या मूळ मालकावर येते. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात ही तरतूद होती आणि नव्या कामगार संहितांमध्येही ती आहे. मूळ मालक सरकारी कार्यालय असले, तरी ती लागू होते. ‘बिल निघाले नाही’ हे उत्तर कामगाराने ऐकून घेण्याचे कारण नाही. मात्र एकट्याने अर्ज केला, तर दुसऱ्या दिवशी कामावरून कमी होण्याची भीती असते, म्हणून सर्व सफाई कामगारांच्या सह्यांचा अर्ज कार्यालयप्रमुखाला आणि त्याची प्रत कामगार आयुक्तांच्या कार्यालयाला द्यावी. तुमच्या चाळीत निवृत्त कारकून नक्कीच असतील. असा अर्ज मुद्देसूद लिहून देणे आणि त्याची पोच घ्यायला लावणे, ही त्यांनी करण्याजोगी मदत आहे.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या फाटकाशी गरजूंसाठी फ्रिज ठेवण्याचा प्रस्ताव आहे. तो योग्य वाटतो का?
— एक वाचक, बोरिवली

उत्तर : फारसा नाही. मुंबईच्या दमट हवेत कोणी, कधी ठेवले हे माहीत नसलेले शिजवलेले अन्न धोक्याचे असते आणि रोज फ्रिज साफ करण्याची जबाबदारी पहिल्या महिन्यानंतर कोणीच घेत नाही. शिवाय तुमच्याकडे काम करणाऱ्या बाईंना सुरक्षारक्षकाच्या आणि कॅमेऱ्याच्या देखत तो उघडावा लागेल. करायचेच असेल, तर बंद पाकिटातले पोहे, रवा, डाळ, तेल असे कोरडे सामान ठेवावे आणि दर आठवड्याला एका घराकडे त्याची देखरेख सोपवावी. आणखी एक सुचवतो. तुमचे सुरक्षारक्षक आणि सफाई कामगार कंत्राटदारामार्फत असतील, तर त्यांचा पगार दर महिन्याच्या कोणत्या तारखेला हातात पडतो, हा विषय सभेत फ्रिजच्या आधी घ्यावा.