पेटीचा गंधार तंबोऱ्यात का मिसळत नाही? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मुलगी काळी चारमध्ये (पेटीची चौथी काळी पट्टी सा धरून) गाते. घरी मिरजेचा तंबोरा आहे आणि पेटीही. पेटीवरून तंबोरा मिळवतो तेव्हा सा आणि पंचम छान बसतात, पण पेटीचा शुद्ध गंधार दाबून धरला की कानाला खुपतो. पेटी बिघडली आहे का? (शहापूर, बेळगाव)

उत्तर : पेटी बिघडलेली नाही आणि तुमच्या मुलीचा कानही नाही. खुपते ते खरेच आहे, आणि ते मोजताही येते.

काळी चारचा षड्ज सेकंदाला सुमारे 207.7 कंपनांचा, म्हणजे 207.7 हर्ट्झचा. तंबोऱ्याची खर्जाची पितळी तार त्याच्या निम्म्यावर, 103.8 वर वाजते. पण कोणतीही तार नुसती एका नादाने वाजत नाही. तिच्यात दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनांचे नादही दडलेले असतात. खर्जाची पाचपट म्हणजे 519.1 हर्ट्झ, आणि तोच आपला स्वयंभू गंधार. तारेवर कोणी गंधार लावलेला नसतो, तरी जवारी, म्हणजे घोडीचा तारा टेकतात तो घडवलेला पृष्ठभाग, उघडी असली की तो स्पष्ट ऐकू येतो.

आता पेटी पाहा. तिच्यात सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात, म्हणून कोणत्याही पट्टीत वाजवता येते. या सोयीची किंमत गंधाराला मोजावी लागते. काळी चारचा गंधार म्हणजे वरची पांढरी एक. वरच्या सप्तकात तिची कंपने 523.3 आहेत. तंबोऱ्याचा 519.1 आणि पेटीचा 523.3 एकत्र वाजले की आवाज सेकंदाला चार वेळा फुगतो नि ओसरतो. यालाच लहरी किंवा ठोके म्हणतात. मुलीच्या कानाला खुपतात ते हेच ठोके. पंचमाचा फरक अर्ध्या हर्ट्झच्याही आत असतो, म्हणून तो गोड लागतो.

हे ठोके ऐकायची सवय लावा, कारण तंबोरा मिळवण्याचे खरे साधन तेच आहे. पेटीचा सा धरून आधी जोडीची (मधल्या दोन सारख्या तारांपैकी) एक तार खुंटीने जवळ आणा. ठोके भराभर पडत असतील तर सूर लांब आहे. ते संथ होत गेले की जवळ येतोय. अगदी थांबले की मिळाला. आता पेटी बंद करा आणि दुसरी तार पहिल्या तारेशी मिळवा, पेटीशी नव्हे. मग खर्ज, शेवटी पंचम. शेवटचा बारीक फरक घोडीखाली तारेत ओवलेल्या मण्याने काढा. मणी घोडीपासून दूर, खाली सरकवला की तार ताणली जाऊन सूर चढतो. घोडीकडे आणला की उतरतो. तार मिळाली तरी आवाज बसका वाटत असेल तर तारेखालचा जवारीचा दोरा बोटाच्या टोकाने केसभर पुढे-मागे करून पाहा. एका विशिष्ट जागी तार एकदम झणकारते. कुठेच झणकारत नसेल तर घोडीला घळ पडली आहे आणि जवारी कारागिराकडूनच काढून घ्यावी लागेल. घरी काचपेपर लावू नका.

पेटीचे सूर घासून गंधार उतरवता येतो का, असेही काही जण विचारतात. येतो. पितळी जिभेचे टोक घासले की सूर चढतो, बुडाजवळ घासले की उतरतो. पण मग ती पेटी काळी चारपुरतीच शुद्ध राहील आणि दुसऱ्या पट्टीत आणखी बेसूर होईल. त्यापेक्षा रियाजात गंधार तंबोऱ्यावरूनच घ्यायला लावा, आणि साथ करताना पेटीचा गंधार लांबवू नका, स्पर्श करून पुढे जा. आकाशवाणीने 1940 ते 1971 पेटीला बंदी घातली होती. पेटीचे सूर असे बांधलेले असतात, हे त्यामागचे एक मोठे कारण होते. तरीही रामभाऊ विजापुरे यांनी ज्या बेळगावात आयुष्यभर पेटी शिकवली, तिथल्या विद्यार्थ्याने ती टाकून देऊ नये. तिची मर्यादा ओळखून ती वाजवावी.

प्रश्न : पावसाळ्यात भजनाला बसलो की तबला तासाभरात उतरतो. गट्टे (बाजूचे लाकडी ठोकळे) ठोकून चढवतो, तर दुसऱ्या दिवशी पुडी (वरचे चामडे) फाटलेली दिसते. असे का? (खानापूर तालुका)

उत्तर : खानापूरच्या पावसात हे होणारच, पण फाटणे टाळता येते. चामडे हवेतला ओलावा पिते. त्यामुळे ते जड होते आणि सैलही पडते, म्हणून सूर दोन्ही कारणांनी उतरतो. तुम्ही ओल्या चामड्याला ताण दिलात. रात्री चुलीच्या खोलीत किंवा सकाळच्या उन्हात ते वाळून आकसले, तो ताण दुप्पट झाला, आणि पुडी गजऱ्याजवळ (कडेच्या चामडी वेणीजवळ) फाटली.

म्हणून नियम असा : पावसाळ्यात गट्टे ठोकून चढवलेला तबला भजन संपल्यावर तितकाच उतरवूनच पिशवीत घाला. पिशवी कापडी हवी. प्लॅस्टिकमध्ये ओल कोंडते. तबला शेगडीवर धरू नका. शाई (मधला काळा ठिपका) लोहकीस आणि खळीची बनते. एकदम उष्णता लागली की तिला भेगा जातात, आणि मग तबला सुरात येतच नाही. शाईचे महत्त्व चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1920 साली दाखवून दिले. नुसत्या चामड्याचे उपनाद एकमेकांशी जुळत नाहीत, शाईच्या वजनामुळे ते तारेसारखे दुप्पट-तिप्पट होतात. तबल्यातून स्वर निघतो तो त्यामुळे.

मिळवताना अर्ध्या स्वराहून जास्त फरक असेल तरच गट्ट्यांना हात लावा, आणि आठही गट्टे थोडे थोडे, सारखे खाली घ्या. उरलेले काम गजऱ्यावर. काठाच्या सोळा भागांपैकी एका घरावर ‘ना’ वाजवा, मग बरोबर समोरच्या घरावर. जे उतरलेले असेल तिथे गजऱ्यावर वरून हलकी हातोडी. चढलेले असेल तर खालून वर. शेजारच्या घराकडे लगेच वळू नका, समोरासमोरच्या जोड्या घेत सोळा घरे पुरी करा. गोल फिरत गेलात तर शेवटच्या घराशी पोचेपर्यंत पहिले हललेले असते.

मंडळात बासरी असेल तर एक लक्षात ठेवा. हवा दहा अंशांनी तापली की बासरी जवळजवळ एक तृतीयांश अर्धस्वर चढते. तबला थंड ओल्या हवेत उतरतो आणि बासरी उबेत चढते, म्हणून दोन्ही भजनाच्या जागीच मिळवावीत, घरून मिळवून आणू नयेत.

प्रश्न : शेजारची कन्नड मुलगी कर्नाटक संगीत शिकते. ती ‘शुद्ध ऋषभ’ म्हणून जे गाते ते मला कोमल ऐकू येते. चुकते कोणाचे? (टिळकवाडी, बेळगाव)

उत्तर : कोणाचेच नाही. तुमचा कोमल रे म्हणजे त्यांचा शुद्ध ऋषभ. तुमचा शुद्ध रे त्यांच्याकडे चतुःश्रुती ऋषभ होतो. तुमचा कोमल ग साधारण गांधार, शुद्ध ग अंतर गांधार, तीव्र म प्रति मध्यम, कोमल नी कैशिकी आणि शुद्ध नी काकली निषाद. मात्र शुद्ध मध्यम दोन्हीकडे एकच. ती नुकतीच शिकू लागली असेल तर हे जास्तच जाणवेल, कारण कर्नाटक संगीताचे पहिले धडे मायामाळवगौळ रागात देतात आणि त्याचे स्वर म्हणजे आपला भैरव थाट. तुम्ही बिलावलापासून सुरुवात केली असणार. बिलावलाचे स्वर तिच्याकडे शंकराभरणम नावाने येतील.

पट्टीचे आकडेही वेगळे. त्यांची ‘एक’ म्हणजे पांढरी एक, ‘दीड’ म्हणजे काळी एक, ‘साडेपाच’ म्हणजे काळी चार. एकत्र बसायचे असेल तर नावे बाजूला ठेवा, एकच सा धरा आणि पेटीवर पट्टीला बोट लावून दाखवा.

प्रश्न : पखवाजाला कणीक किती लावावी? (निपाणी)

उत्तर : पोळीच्या कणकेपेक्षा सैल मळा आणि डाव्या तोंडाच्या मधोमध पुरीएवढी थापा, कडा पातळ ठेवून. डाव्या बाजूचा नाद उजव्याच्या षड्जाखाली एक सप्तक यायला हवा. चढा वाटला तर चिमूटभर कणीक वाढवा. घुमणे बंद होऊन बद्द वाजू लागले तर जास्त झाली, काढा. पंख्याखाली ती लवकर सुकते आणि नाद चढतो, तेव्हा ओले बोट फिरवा. भजन संपताच खरवडून ओल्या फडक्याने पुसा. वाळलेली कणीक चामडे ओढते, आणि रात्री उंदीर कणकेसकट पुडीही कुरतडतात.