वाचकांचे प्रश्न : प्राचीन दागिने, घरबसल्या

प्रश्न : सोलापुरात साड्यांच्या दुकानात काम करते. प्राचीन दागिने-वेशभूषेच्या इतिहासाचा ऑनलाइन कोर्स करायचाय. निवडताना काय पाहू? नुसते व्हिडिओ पाहून विषय कळेल का?

उत्तर : पैसे भरण्याआधी अभ्यासक्रम वाचा. भारहुत, सांची, मथुरा, अजिंठा ही प्राचीन शिल्प-चित्रांची ठिकाणं एकाच आठवड्यात उरकले असतील तर तो कोर्स सोडा. मथुरेच्या संग्रहालयातला शिर नसलेला कनिष्क, म्हणजे इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांतला कुषाण राजा, लांब कोट आणि जाड बूट घालून उभा आहे. तरीही ‘शिवलेले कपडे आपल्याकडे मध्ययुगात आले’ असं शिकवणारे भेटतात, त्यांच्यापासून लांब राहा. गृहपाठ कोणी तपासून देतं का, हेही विचारा. नुसत्या टिकमार्कांवर मिळालेलं सर्टिफिकेट भिंतीवर लावण्यापुरतंच.

वेशभूषा मात्र कापड हातात घेतल्याशिवाय कळत नाही. पाच मीटर मांजरपाट आणा. मागावरून आलेल्या कापडात खळ असते. ती काढली नाही तर निऱ्या ताठ उभ्या राहतात आणि शिल्पातला अंगाला चिकटलेला झोळ काही केल्या येत नाही. रात्रभर भिजवा, गरम पाणी-साबणाने दोनदा धुवा. थोडं आटेल, म्हणून आधीच जास्त घ्यायचं. मग कापडाचा मध्य पाठीशी धरून पुढे गाठ मारा, एका टोकाच्या निऱ्या पुढे खोवा, दुसरं टोक पायांमधून मागे न्या. नऊवारी नेसता येत असेल तर हे अंतरीय, म्हणजे कमरेखालचं प्राचीन वस्त्र, हाताला लगेच सापडेल. त्यावर कायबंध (कमरेचा कापडी पट्टा) बांधा, मग भारहुतच्या यक्षीच्या शिल्पाकडे बघा. ती उघडी वाटते, पण घोट्याजवळ वस्त्राची कड कोरलेली असते. आधी कड शोधायची, मग मेखलेचे (कमरेच्या दागिन्याचे) सर मोजायचे.

प्रश्न : सोलापूर जिल्ह्यातल्या हत्तरसंग कुडलच्या देवळातल्या मूर्तींचे दागिने नोंदवायचेत. कसे?

उत्तर : सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर जा, भर दुपारी कोरीवकाम सपाट दिसतं. आत बॅटरी समोरून नको, बाजूने तिरपी धरा. फोटोत मोजपट्टी ठेवा, पण मूर्तीला टेकवू नका. रेषा उठून दिसाव्यात म्हणून खडू-तेल तर अजिबात नाही. चित्र डोक्यापासून खाली काढत या. झिजलेला भाग तुटक रेषेने दाखवा, अंदाजाने भरू नका; तिथेच एकाचे दोन हार होतात.

नावांची घाई करू नका. चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’त वस्त्रं आणि दागिने दोन्ही आहेत, पण तो 12व्या शतकातला. त्यातली नावं त्याहून हजारावर वर्षं जुन्या भारहुतला चिकटवणं ही नवशिक्यांची नेहमीची चूक.

जोडीला धाराशिव जिल्ह्यातल्या तेरचं लामतुरे संग्रहालय बघून या. सातवाहनकाळातले मणी तिथे पाहायला मिळतात. सोनाराचं दहापट भिंग मात्र कपाटाच्या काचेतून चालत नाही, कारण वस्तू दोन-अडीच सेंटीमीटरवर लागते. मोबाइलचा झूम वापरा. भिंग बाजारातल्या सुट्या मण्यांवर सरावाला ठेवा : आत गोल बुडबुडे दिसले तर ती काच, कार्नेलियन (तांबूस रंगाचा मण्यांचा दगड) नव्हे.