फिजीतल्या बेटावर स्वयंसेवक म्हणून पोचल्यावर पहिला दिवस कसा असतो?

तुम्ही विचारलंय की परदेशातल्या बेटावर स्वयंसेवक म्हणून जायचं ठरलंय, तर पहिल्या दिवशी नेमकं काय होतं आणि तयारी काय करावी. सगळ्या बेटांचं मला सांगता येणार नाही. माझा अनुभव फिजीचा, त्यातही ओवालाऊ या छोट्या बेटाचा. एका संस्थेतर्फे तिथल्या प्राथमिक शाळेत गणित शिकवायला गेले होते. पहिल्या दिवशी मी काहीच काम केलं नाही, आणि तुम्हीही करू नका. त्या दिवशी गाव तुम्हाला आत घेत असतं. ते झाल्याशिवाय तुम्ही तिथे पोचलात असं कुणी मानत नाही.

प्रवासाबद्दल थोडक्यात सांगते. मी सिंगापूरमार्गे गेले. फिजीचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेसहा तास पुढे असतं. ज्या विमानतळाचं नाव मी नकाशावर 'नाडी' असं वाचत होते त्याला सगळे 'नांदी' म्हणत होते. त्यांच्या लिखाणात काही अक्षरांआधीचा अनुनासिक लिहीत नाहीत, फक्त उच्चारतात. 'याकोना' वाटणारा शब्दही असाच, खरा उच्चार 'यांगोना'. हा शब्द नीट लक्षात ठेवा.

यांगोना म्हणजे कावा. मिरी आणि विड्याच्या पानाच्या कुळातलं झुडूप, त्याची वाळलेली मुळं. गावात पाऊल टाकायच्या आधी पाहुण्याने ती द्यायची असतात. या रीतीला सेवुसेवु म्हणतात. संस्थेने दिलेल्या यादीत टॉर्च होता, मच्छरदाणी होती, याचा उल्लेखच नव्हता. फिजीच्या राजधानीत, सुव्याला, एक मुक्काम होता म्हणून वाचले. तिथल्या मोठ्या बाजारात एका भारतीय वंशाच्या बाईंनी 'कैसे?' म्हणत हाक मारली. त्यांची हिंदी अवधी-भोजपुरीच्या वळणाची, पहिल्या दोन वाक्यांना मी नुसतीच बघत राहिले. कुठे निघाले ते सांगितल्यावर त्या म्हणाल्या, आमचं पहिलं जहाज तिथेच तर आलं होतं. खरंच आहे ते. 'लिओनिडास' हे गिरमिटियांचं, म्हणजे करारावर नेलेल्या भारतीय मजुरांचं, पहिलं जहाज कलकत्त्याहून निघून १४ मे १८७९ रोजी ओवालाऊवरच्या लेवुका बंदरात आलं. तेव्हा लेवुका राजधानी होती. जहाजावर देवी आणि पटकीची लागण असल्यामुळे त्या माणसांना किनाऱ्यावर न उतरवता शेजारच्या बारक्या बेटावर ठेवलं होतं. स्वतःच्या मर्जीने, परतीचं तिकीट खिशात घेऊन त्याच ओवालाऊला जाताना मला हे फार आठवत राहिलं. बाईंनी पूड न देता अख्ख्या मुळांची जुडी निवडून दिली, वर्तमानपत्रात गुंडाळून लाल फितीने बांधली. भेट म्हणून पूड देऊ नये, हे त्यांनीच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, बसने नातोवीच्या धक्क्यावर आणि तिथून तासाभराच्या फेरीने ओवालाऊला. गावाच्या वेशीशी थांबायला सांगितलं होतं. तुरागा नी कोरो, म्हणजे आपल्या सरपंचासारखा गावाचा कारभारी, घ्यायला येणार होता.

तेवढ्या वेळात माझ्या हातून चूक झाली. आठ-दहा मुलं जमली, आणि मी सॅकमधून स्केचपेनची पाकिटं काढून वाटायला लागले. पाकिटं सहाच होती. एका मुलीला मिळालं नाही. तिने हात पुढे केलाच नव्हता, दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून ती माझ्याकडे बघत उभी होती. कारभारी आला, त्याने ते पाहिलं आणि मला एका शब्दानेही बोलला नाही. संध्याकाळी मात्र त्याच्या बायकोने समजावलं की गावासाठी आणलेली वस्तू आधी गावाच्या हातात द्यायची, मग ती सगळ्यांची होते. पाकिटं सोमवारी शाळेच्या कपाटात जमा झाली. पण तुमच्या बॅगेत मुलांसाठी काही असेल, तर पहिल्या दिवशी ती उघडू नका, ही माझी कळकळीची विनंती.

वेशीतून आत जाताना टोपी आणि गॉगल काढायचा, सॅक खांद्यावरून उतरवून हातात घ्यायची, चपला दाराबाहेर. गुडघ्याखाली येईल असा सुलू, म्हणजे लुंगीसारखं वस्त्र, मी आधीच गुंडाळला होता. खांदे झाकलेले हवेत. आत केवड्याच्या जातीच्या पानांच्या चटया, वरच्या अंगाला वडीलधारे, दाराकडे बाकीचे. बसलेल्या माणसांसमोरून ताठ चालायचं नाही, वाकून 'तुलोऊ', म्हणजे 'माफ करा', म्हणत जायचं. जुडी माझ्या वतीने कारभाऱ्याने पुढे ठेवली आणि बराच वेळ बोलला. सगळ्यात वयस्कर गृहस्थांनी तिला हात लावला, काहीतरी पुटपुटले, आणि मग सगळ्यांनी पोकळ तळव्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळीचा आवाज आपल्या टाळीसारखा फुटत नाही, घुमतो. त्या क्षणी घरातली हवाच बदलली. माणसं सैल झाली, हसायला लागली.

नंतर तानोआ नावाच्या लाकडी परातीत कावा कालवला गेला आणि करवंटीच्या वाटीतून माझ्यापुढे आला. एक टाळी, 'बुला' हे अभिवादन, एका दमात पिणं, वाटी परत, तीन टाळ्या. चव मातकट, जीभ आणि ओठ बधिर होतात. ही दारू नाही. तब्येतीमुळे नको असेल तर आधीच कारभाऱ्याच्या कानावर घाला, पण रीत पूर्ण होईपर्यंत बसून राहा. मी मधेच विचारलं, शाळा आज बघता येईल का? ते वयस्कर गृहस्थ म्हणाले, शाळा कुठे जात नाही, बस.

ज्या घरी राहणार होते तिथल्या आईला 'नाऊ' म्हणायचं ठरलं. जेवणात दालो होता, म्हणजे अळूचा कंद, आणि नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पानं. इतक्या लांब येऊन पानात अळू बघितल्यावर मला रडू आलं, ते मी लपवलंही नाही.

मे महिना होता, सहाच्या आधीच अंधार पडला. मग लाली वाजली, पोखरलेल्या ओंडक्याचा ढोल. चालती माणसं घरात गेली, रस्ता रिकामा झाला, आणि घराघरांतून प्रार्थनेची गाणी सुरू झाली. अशा वेळी बाहेर भटकायचं नाही. दुसरा दिवस रविवार, म्हणजे चर्च आणि विश्रांती. काम सोमवारीच.

तब्येतीचं म्हणाल तर फिजीत मलेरिया नाही, डेंग्यू आहे, आणि त्याचा डास दिवसा चावतो. त्यामुळे रात्रीच्या मच्छरदाणीवर विसंबू नका, दिवसाही मलम लावा. ओआरएसची पाकिटं न्या. नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळांचा काळ असतो. तेव्हा जाणार असाल तर गावात आसऱ्याची पक्की इमारत कुठली, हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवा.

आणि यांगोनाची जुडी सामानात सगळ्यात वर ठेवा. वेशीवर पहिल्यांदा तीच लागते.