गिअरबॉक्सचं ऑइल कधी बदलायचं? खान्देशातल्या वाचकांचे पाच प्रश्न

आखाजी जवळ आली, उन्हं तापली, की ऑटोमॅटिक गाडीवाल्यांचा एकच प्रश्न मला येऊ लागतो: गिअरबॉक्सचं ऑइल किती किलोमीटरला बदलायचं? मी त्यांना आधी दोन गोष्टी विचारतो. गाडीत गिअरबॉक्स कोणत्या जातीचा आहे, आणि त्यातल्या ऑइलने आजवर उष्णता किती सोसली आहे? एवढं कळलं की किलोमीटरचा आकडा ठरवणं अवघड जात नाही.

प्रश्न: माझी पेट्रोल एसयूव्ही सहा गिअरची, टॉर्क कन्व्हर्टरवाली ऑटोमॅटिक आहे. वय ६ वर्षं, रनिंग ६२,००० किलोमीटर. मुलगी संभाजीनगरला शिकते, त्यामुळे जवळजवळ दर आठवड्याला कन्नडचा घाट चढतो-उतरतो. शोरूममध्ये सांगतात, ऑइल ‘लाइफटाइम’ आहे, हात लावू नका. आमचा मेस्त्री म्हणतो, बदलून टाका. कोणाचं ऐकू? (एक वाचक, चाळीसगाव)

भाऊ, मेस्त्रीचं ऐका.

‘लाइफटाइम’ या शब्दाने फार गाड्यांचं नुकसान केलं आहे. झेडएफ नावाची जर्मन कंपनी अनेक महागड्या गाड्यांचे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बनवते. गाडी विकणारे त्यातल्या ऑइलला लाइफटाइम म्हणतात. झेडएफ स्वतः मात्र ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरच्या दरम्यान किंवा ८ वर्षांनी ते बदलायला सांगते, आणि गाडीवर ताण जास्त असेल तर त्याहून लवकर. ज्याने गिअरबॉक्स बनवला तोच असं म्हणत असेल, तर काउंटरवरच्या माणसाचं कशाला धरून बसायचं?

आता तुमचा घाट. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये दोन पंखे समोरासमोर असतात. इंजिन एक पंखा फिरवतं, तो ऑइल फेकतो आणि त्या माऱ्याने दुसरा फिरतो. सपाट रस्त्यावर वेग धरला की आतला लॉकअप क्लच दोघांना जखडून टाकतो आणि ऑइलचं घुसळणं थांबतं. घाटात वळणावळणाला वेग पडतो, लॉकअप सुटतो, आणि इंजिनाची बरीच ताकद ऑइल घुसळण्यात, म्हणजे ते तापवण्यात जाते. त्यातून बाहेर ४४-४५ अंश, एसी चालू, गाडीत पाच माणसं. एरवी ८० ते ९५ अंशांवर राहणारं ऑइल अशा वेळी ११० च्या वर जाऊ शकतं. गिअरबॉक्सवाल्यांचा जुना ठोकताळा असा, की नेहमीच्या तापमानाच्या वर दर दहा-अकरा अंशांना ऑइलचं आयुष्य निम्मं होतं. म्हणून तुमचे ६२,००० आणि नाशिक-मुंबई हायवेवर एका लयीत चालणाऱ्या गाडीचे ६२,००० सारखे मोजता येणार नाहीत.

गाडीबरोबर आलेलं पुस्तक काढा. बऱ्याच पुस्तकांत ‘कठीण वापर’ असा वेगळा तक्ता असतो: धूळ, कडक उष्णता, डोंगरातले रस्ते, थांबत-थांबत चालणं. त्यात ऑइल बदलण्याचं अंतर बहुतेक वेळा निम्म्यावर येतं. आपल्याकडे लोक पहिला तक्ता वाचतात आणि पुस्तक मिटतात. खान्देशातल्या गाडीने दुसरा तक्ता पाहावा, असं माझं ठाम मत आहे. आपली धूळ आणि आपलं ऊन त्यात आधीच लिहिलेलं आहे.

तुम्ही आता, मे लागायच्या आत बदला. पुढे दर ४०,००० ते ५०,००० ला बदलत राहा. चढताना सिलेक्टर मॅन्युअलवर घेऊन खालचा गिअर धरून ठेवा. सारखी गिअरची अदलाबदल थांबते आणि ऑइल कमी तापतं. आणखी एक. कापसाच्या दिवसांत जिनिंगच्या रस्त्यांवरून ये-जा असेल, तर एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधे डोकावून पाहा. तिथे कापसाची तूस आणि धूळ यांचा नमदा बसतो आणि हवा अडते. गिअरबॉक्सचं ऑइल बहुतेक गाड्यांत रेडिएटरच्याच जोरावर थंड होतं. हलक्या धारेने धुऊन घ्या. प्रेशरच्या नळीने मारलं तर पाकळ्या वाकतात.

प्रश्न: सर, माझी छोटी एएमटी गाडी आहे, ३५,००० किलोमीटर झाली. गॅरेजवाला म्हणतो, ‘ऑटोमॅटिकचं एटीएफ फ्लश’ करावं लागेल. खर्च बराच सांगतोय. करू का? (एक शिक्षिका, अमळनेर)

नका करू, ताई. एटीएफ म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं खास ऑइल. तुमच्या गाडीत ते नाहीच.

एएमटी म्हणजे साधा हाताचा गिअरबॉक्स आणि साधा क्लच. फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम यंत्र करतं. २०१४ मध्ये सेलेरिओबरोबर ही पद्धत आपल्याकडच्या स्वस्त गाड्यांत आली आणि तेव्हापासून हा घोळ चालू आहे. आत साधं गिअर ऑइल असतं, ते पुस्तकातल्या किलोमीटरला बदलायचं. काही कंपन्यांच्या एएमटीत क्लच-गिअर हलवणाऱ्या यंत्रासाठी हायड्रॉलिक ऑइलची छोटी वेगळी टाकी असते. तिची पातळी सर्व्हिसिंगला बघायला सांगा. गाडी चढावर झटके मारत असेल, तर आधी क्लच प्लेट किती झिजली ते तपासायला हवं.

प्रश्न: सुरतहून सेकंड हँड सीव्हीटी (गिअरऐवजी पट्टा-पुलीवर चालणारी ऑटोमॅटिक) सेदान घेतली. ९०,००० किलोमीटर, सर्व्हिसची कागदं नाहीत. ऑइल काळपट दिसतं. ओळखीचे सगळे सांगतात, जुनं ऑइल काढलं की गिअरबॉक्स बसतो, तसंच चालू द्या. खरं आहे का? (एक वाचक, शहादा)

हा समज मी गावोगाव ऐकतो. तो अगदी हवेतून आलेला नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

लाखभर किलोमीटर ऑइल न बदललेल्या गाडीत क्लच प्लेटांची भुकटी ऑइलमध्ये तरंगत असते, चेंबरच्या, म्हणजे गिअरबॉक्सखालच्या ऑइलच्या भांड्याच्या, तळाशी गाळ बसलेला असतो. प्लेटा आधीच झिजून घसरायला लागलेल्या असतात. तेव्हा कुठे मालक जागा होतो आणि ऑइल बदलायला येतो. एखादा गॅरेजवाला मशीन लावून दाबाने फ्लश मारतो, तळचा गाळ सुटतो आणि व्हॉल्व्ह बॉडीच्या, म्हणजे ऑइल हवं तिकडे वळवणाऱ्या भागाच्या, बारीक वाटांत अडकतो. आठवड्याने गाडी बंद पडते आणि नाव नव्या ऑइलवर येतं. खरं तर तो गिअरबॉक्स आधीच आजारी होता, दाबाने त्याचा शेवट लवकर आला इतकंच.

त्यामुळे निर्णय गाडीच्या चालीवरून घ्या. सकाळी गार गाडी सुरू करा, ब्रेक दाबून एन मधून डी मध्ये टाका. लगेच पकड येते की दोन-तीन सेकंद जातात? मग ५०-६० च्या वेगाने हलक्या ॲक्सिलरेटरवर चालवा. रस्त्यावरच्या आडव्या पट्ट्यांवरून जातोय अशी थरथर येते का? एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने माझ्याकडे तक्रार आणली होती, “इंजिन गर्जस, गाडी धावस नही.” घसरणाऱ्या गिअरबॉक्सचं यापेक्षा नेमकं वर्णन मी ऐकलेलं नाही. तुमची गाडी तशी घसरत असेल, तर ऑइलवर पैसे घालू नका. आधी चेंबर उघडून बघायला लावा.

चाल चांगली असेल, किंवा नुसती हलकी थरथर असेल, तर बदलाच, पण दाब न लावता. खालचा नट खोलून आपोआप येईल तेवढं काढायचं, तेवढंच मोजून भरायचं. एका वेळी सगळं निघत नाही, बरंच कन्व्हर्टरमध्ये राहतं. समजा एकूण ७ लिटर आहे आणि ३ लिटर निघालं, तर ४ लिटर जुनंच उरलं. पाचशे-हजार किलोमीटरच्या अंतराने असं तीन वेळा केलं, की जुनं साधारण पाचवा हिस्सा राहतं. माझ्या मते बिनकागदाच्या गाडीला हाच रस्ता बरा. चेंबर काढता येत असेल तर फिल्टरही बदला.

आणि नाना, एक गोष्ट हात जोडून सांगतो. सीव्हीटीत फक्त सीव्हीटीचं ऑइल, तेही पुस्तकात लिहिलेल्याच नंबरचं. तिथे स्टीलचा पट्टा दोन पुलींच्या मधे दाबाने धरलेला असतो. पट्टा घसरू नये आणि झिजूही नये, हे दोन्ही ऑइलच सांभाळतं. साधं एटीएफ घातलं तर पट्टा घसरतो, पुलीवर ओरखडे पडतात, आणि मग दुरुस्ती गाडीच्या किमतीच्या गोष्टी करते. ‘सगळ्याला चालतं’ असं लिहिलेला डबा दुकानदाराने पुढे केला तर घेऊ नका. डबा सीलबंद आहे का, ते स्वतः बघा, आणि रिकामा डबा बिलाबरोबर मागून घ्या.

प्रश्न: शेताच्या रस्त्यावर ऑटोमॅटिक गाडी बंद पडली. ट्रॅक्टरला दोर बांधून १५ किलोमीटर ओढत आणली, चारही चाकं जमिनीवर. बॅटरीचा दोष निघाला, आता गाडी चालू आहे. ऑइल बदलायला हवं का? (एक केळी उत्पादक, रावेर)

हवं, आणि लगेच. गिअरबॉक्समध्ये ऑइल फिरवणारा पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद, चाकं फिरत होती, म्हणजे आतले काही भाग १५ किलोमीटर जवळपास कोरडे फिरले.

ऑइल पांढऱ्या भांड्यात काढा. चेंबरमधल्या चुंबकावर राखाडी, लोण्यासारखा मऊ थर असेल तर घाबरू नका, ती रोजची झीज आहे. बोटाला टोचणारे चमकते कण दिसले तर गाडी चालवणं थांबवा आणि गिअरबॉक्स उघडणाऱ्याकडे न्या. पुढच्या वेळी दोर नको, गाडी उचलून नेणारा ट्रक बोलवा. फार तर इंजिन ज्यांना फिरवतं ती चाकं उचलून न्या.

प्रश्न: माझ्या गाडीला गिअरबॉक्सचं ऑइल मोजायची पट्टीच नाही. मग ऑइल लाल आहे की काळं, कमी की जास्त, हे घरी कसं कळणार? (एक रेल्वे कर्मचारी, भुसावळ)

घरी कळणार नाही. पट्टी नसलेल्या गिअरबॉक्सला बाजूला किंवा तळाशी पातळीचा नट असतो. गाडी लिफ्टवर सपाट, इंजिन चालू आणि ऑइल ठरलेल्या तापमानावर असताना तो खोलतात. बारीक धार येऊन थेंब-थेंब झाली की पातळी बरोबर. काही गिअरबॉक्सना हे तापमान ३५ ते ४५ अंश लागतं, काहींना ५० ते ६०. ते स्कॅनरवर पाहावं लागतं. गरम झालं की ऑइल फुगतं, म्हणून जास्त गरम असताना तपासलं तर धार वाहतच राहते, मेस्त्री थांबून नट बसवतो आणि गाडी कमी ऑइलवर घरी जाते.

आणि इथेच भुसावळ आडवं येतं. मे महिन्यात दुपारी गॅरेजच्या पत्र्याखाली उभ्या गाडीचं ऑइल इंजिन सुरू करायच्या आधीच ४० च्या पुढे गेलेलं असतं. तुमच्या गाडीला ३५ ते ४५ ची मर्यादा असेल, तर इंजिन चालू केल्यावर ते त्या मर्यादेत फार वेळ राहणारच नाही. आदल्या रात्री गाडी गॅरेजला लावून ठेवा आणि सकाळी सात वाजता काम करायला सांगा.

रंगाचं म्हणाल तर बहुतेक एटीएफ नवं असताना डाळिंबाच्या रसासारखं लाल असतं. सीव्हीटीचं हिरवट, निळसर किंवा पिवळसरही येतं. रंग गडद झाला एवढ्यावरून काही ठरवू नका, काही ऑइल थोड्या दिवसांतच तपकिरी होतात आणि तरी चांगली असतात. वास घ्या. करपलेला वास आला तर प्लेटा जळू लागल्या आहेत. आणि कधी गुलाबी लस्सीसारखं दिसलं, तर रेडिएटरमधलं कूलंट आत मिसळलं आहे. मग गाडी सुरूच करू नका, उचलूनच न्या.